गच्चीचा सोलर सर्व्हे, कोथरूड: आधी करून घ्याच
सोलर बसवायच्या आधी एका लोकल इन्स्टॉलरकडून गच्चीचा सर्व्हे करून घेतला आणि खरंच सांगते, पैसे वसूल. पुण्यात ऊन भरपूर, १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, पण आमच्याकडे खरा प्रश्न सावलीचा, आजूबाजूला उंच बिल्डिंगा झाल्यात ना. त्या मुलाने डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला की टाकीची सावली कुठपर्यंत येईल ते चक्क खडूने आखून दाखवलं! म्हणून मग ५ ऐवजी ३ किलोवॅटच घेतलं, केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेची (घरच्या सोलरसाठीची) सबसिडीही ३ पर्यंतच वाढते, ७८,००० रुपये, त्यापुढे तेवढीच. पावसाळ्यात युनिट कमी पडतील हेही आधीच सांगितलं. रिपोर्ट मात्र आठवडाभर उशिरा दिला.