मित्सुबिशी एफएक्स३यू: वीस तुलना, एकच सूचना

भोसरीतल्या पॅकिंग मशीनवर एफएक्स३यू हा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आहे. रेसिपीची, म्हणजे ठरलेल्या सेटिंगची, २० मूल्यं डी१०० पासूनच्या रजिस्टरांत (आकडे साठवायच्या जागा), प्रत्यक्ष लावलेली डी२०० पासून. सगळी जुळली तरच सायकल सुरू. पूर्वी मी २० तुलना एकामागे एक जोडायचो. लॅडर (पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा प्रोग्रॅम) वाचताना डोळे शिणायचे. एफएक्स३यूमध्ये बीकेसीएमपी= ही गटागटाची तुलना करणारी एकच सूचना (आज्ञा) पुरते: डी१००, डी२००, एम१००, के२० (म्हणजे २० तुलना). निकाल एम१०० ते एम११९ या ऑन-ऑफ बिटांमध्ये, त्यामुळे नेमकं कुठलं मूल्य चुकलं तेही स्क्रीनवर दाखवता येतं. मला सर्वांत आवडला पीएलसीचा खास बिट एम८०९०: सगळी जुळली की तो ऑन! ते २० एम मात्र दुसरीकडे अजिबात वापरू नका. ३२ बिटांच्या मूल्यांना डीबीकेसीएमपी= घ्या, रजिस्टर दुप्पट लागतील. आमच्या ऑपरेटरताई आता चुकलेली सेटिंग स्वतः शोधतात, मला रात्री फोन येत नाही.