दफन, दहन की देहदान? ठरवण्याआधी

देहदानाचा फॉर्म भरला की विषय मिटला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. क्षयरोग, एचआयव्ही, हेपटायटिससारखा संसर्ग असेल, पोस्टमॉर्टेम झालं असेल, पोचायला उशीर झाला असेल किंवा जागाच शिल्लक नसेल, तर मेडिकल कॉलेज देह नाकारू शकतं. म्हणून देहदान निवडणाऱ्याने 'नाही घेतला तर काय करायचं', हेही त्याच कागदावर लिहावं.

अवयवदानाशीही गल्लत होते. हृदय, यकृत काढलेला देह शरीररचनाशास्त्र विभाग सहसा घेत नाही. दोन्हींतलं एकच शक्य असेल तर अवयवदान आधी, असं माझं स्पष्ट मत. समोर वाट बघणारा जिवंत माणूस असतो. पण हे अवयव बहुतेकदा मेंदूमृत्यूनंतरच (मेंदू कायमचा बंद, पण हृदय यंत्रांच्या मदतीने चालू) घेता येतात आणि ती वेळ फार थोड्यांवर येते, त्यामुळे दोन्ही फॉर्म भरून ठेवलेले बरे. नेत्रदान मात्र तिन्ही मार्गांत बसतं. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून लगेच कळवायचं, एवढंच.

दहन झटपट उरकतं. आधुनिक दाहिनीत 800 ते 1000 अंश तापमानाला दीड-दोन तास लागतात आणि दोन-तीन किलो अस्थी उरतात. पेसमेकर असेल तर आधी काढावा लागतो, नाहीतर उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. इंधन भरपूर जळतं. शिवाय मृत्यूबद्दल पुढे शंका आली, तर तपासायला काही हाती राहत नाही.

दफनात ती सोय राहते, आणि जाऊन बसायला एक जागाही. पण ती जागा मिळणं, टिकणं हाच प्रश्न. कित्येक देशांत कबर ठरावीक वर्षांच्या कराराने मिळते. मुदत संपली की दुसऱ्याला. पर्यावरणाचा विचार असेल तर फॉर्मालिन (देह टिकवायचं रसायन) न वापरता, साध्या कापडात दफन करता येईल का, ते विचारावं.

देहदानाचं मोल वादातीत आहे. डॉक्टरकी शिकणाऱ्याला एखादी नस नेमकी कुठून जाते, हे चित्रात बघणं वेगळं आणि स्वतःच्या हातांनी शोधणं वेगळं. घरच्यांना मात्र निरोप घाईत द्यावा लागतो. उरलेले अवशेष काही संस्था वर्ष-दोन वर्षांनी परत देतात, काही स्वतःच अंत्यसंस्कार करतात. सही करण्यापूर्वी हे विचारून घ्या आणि घरच्यांनाही सांगा, कारण त्यांनी नकार दिला तर अनेक ठिकाणी तुमची सही असूनही देह नेला जात नाही.

आणि हा कागद मृत्युपत्रात ठेवू नका. मृत्युपत्र उघडेपर्यंत बहुधा सगळं उरकलेलं असतं.