५४९ रुपयांचा बॅटरी पुलर मला २९,५३५ ला पडला

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे "नक्की किती गेले हो?" असं विचारायला कुणी फोन करणार नाही. पुलरचे ५४९. नंतर १८,९९७. त्यानंतर ९,९८९. एकूण २९,५३५ रुपये. आणि हे कशापायी, तर गाडीच्या बॅटरीचा क्लॅम्प (टर्मिनलवर वायर आवळून धरणारी पकड) निघत नव्हता म्हणून. ज्यांना हसायचंय त्यांनी इथेच हसून घ्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हसून झालेलं आहे.

गाडीचं बारीकसारीक काम मी स्वतः करतो. एअर फिल्टर, वायपर, बल्ब, बॅटरी यासाठी गॅरेजला पैसे मोजत नाही. पावसाळ्यात गाडी उभी राहिली, बॅटरी उतरली, ती काढून चार्जिंगला द्यायची होती. निगेटिव्हच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर जमून क्लॅम्प असा चिकटलेला की नट पूर्ण सैल करूनही जागचा हलेना. खालची पोस्ट शिशाची असते, मऊ. तिला पकडीने पिळलं किंवा हातोडी मारली तर बॅटरीच्या झाकणाशी तडा जातो आणि ॲसिड झिरपायला लागतं. हे मला माहीत होतं म्हणूनच मी योग्य हत्यार शोधायला गेलो. लक्षात घ्या, अडाणीपणाने नाही, शहाणपणाने गेलो.

पुलर म्हणजे साधी वस्तू. क्लॅम्पच्या खाली दोन जबडे घालायचे, वरचा बोल्ट पोस्टच्या डोक्यावर टेकवून फिरवायचा, क्लॅम्प सरळ वर उचलला जातो. त्याचा शोध काय घेतला, मोबाईलवर त्याच जाहिरातींचा पूर आला. जर्मन वाटेल असं नाव, २,४९९ वर काट मारून ४९९, सोबत टर्मिनल साफ करायचा ब्रश आणि क्लॅम्पचं तोंड रुंद करायचा स्प्रेडर. 'फक्त ७ नग शिल्लक' आणि उलटं चालणारं घड्याळ. हे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, मलाही माहीत होते. म्हणून तर आगाऊ पैसे भरले नाहीत. पन्नास रुपये जास्त मोजून कॅश ऑन डिलिव्हरी घेतली. यापेक्षा जास्त काळजी माणसाने कशी घ्यायची ते मला कुणीतरी सांगावं.

पार्सल आलं. "उघडून बघतो" म्हटलं तर कुरिअरचा मुलगा म्हणाला, "काका, आधी पैसे, मग पार्सल." त्याचंही चूक नाही, त्याला वरून तसंच सांगितलेलं असतं. म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीत आपल्या हाताला लागते ती फक्त डिलिव्हरी, खात्री नव्हे.

आत एक पुठ्ठ्याचा डबा. त्यावर ना बनवणाऱ्याचं नाव, ना एमआरपी, ना कुठल्या देशात बनलं ते. पॅकबंद मालावर नाव आणि एमआरपी, आणि आयात मालावर देशही, छापायचा कायदा आहे. डबा हातात घेतल्याबरोबर या गोष्टी शोधा. नसतील तर ती वस्तू वापरूच नका, आधी चारी बाजूंनी फोटो काढा.

स्प्रेडर नव्हताच. ब्रशच्या तारा पहिल्याच घासणीत गळाल्या. पुलरचे जबडे इतके जाड की माझ्या छोट्या गाडीच्या क्लॅम्पखाली जाईनात. स्क्रू ड्रायव्हरने फट करून कसेबसे घातले, बोल्ट फिरवला. दोन फेरे, तिसऱ्याला बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागला. आटे गेले. बोल्ट हाताने दाबून धरत पुन्हा जोर लावला तर डावा जबडा कट्‌कन तुटला आणि माझी बोटं बॅटरीच्या पत्र्याच्या पट्टीवर आपटली. तुटलेली बाजू बघितली तर आत राखाडी, दाणेदार, नखाने खरवडली तरी कण सुटत होते. वर चकचकीत मुलामा, आत भुसा. व्हिडिओत मात्र त्याच जबड्याने ट्रकची बॅटरी सोडवून दाखवली होती.

इथवर नुकसान ५४९ चं. इथेच थांबलो असतो तर हा मजकूर लिहायची वेळ आली नसती, असं घरचे रोज ऐकवतात. पण का थांबायचं? माझे पैसे आहेत, माल खराब आहे, परत मागणं हा गुन्हा आहे का?

वेबसाइटवर पत्ता नव्हता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नव्हतं. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात की तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव, संपर्क द्यायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल. जिथे हे पान नाही तिथे रुपयाचीही ऑर्डर देऊ नका. पार्सलच्या लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव तिसरंच, त्याचा नंबर बंद. उरलं कुरिअरचं नाव. म्हणून नेटवर त्या कुरिअरचा कस्टमर केअर नंबर शोधला. सगळ्यात वर जो आला तो लावला.

तो कुरिअरचा नव्हता.

फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. खरं म्हणजे संशय तिथेच यायला हवा होता, कारण कुठल्याही कंपनीचा कस्टमर केअर दुसऱ्या रिंगला फोन उचलत नाही. पलीकडचा माणूस अदबीचा. ऑर्डरची तारीख विचारली, रक्कम विचारली, "सर, आपका रिफंड अप्रूव्ह दिख रहा है" म्हणाला. पैसे मागितले नाहीत, ओटीपी मागितला नाही, कुठलं ॲप टाकायला सांगितलं नाही, लिंक पाठवली नाही. ज्या ज्या गोष्टींबद्दल बँका रोज मेसेज पाठवतात त्यातली एकही त्याने केली नाही. फक्त म्हणाला, तुमच्याच यूपीआय ॲपमधून आमच्या रिफंड आयडीला रिक्वेस्ट टाका आणि खालच्या चौकटीत रिफंड कोड भरा: एक, आठ, नऊ, नऊ, सात.

एक-आठ-नऊ-नऊ-सात. एकेक आकडा सुटा सांगितला त्याने. "अठरा हजार" असा उच्चारही नाही.

मी गाडीपाशीच उभा होतो. फोन बोनेटवर, स्पीकर चालू, हात काळे, चष्मा डोक्यावर. पलीकडून घाई चाललेली, "सर, तीस सेकंद में कोड एक्सपायर हो जाएगा." मी आकडे दाबले. आणि त्या आकड्यांच्या आधी रुपयाची खूण होती. ठसठशीत. नंतर त्याच ॲपमध्ये जाऊन मी ती चौकट पुन्हा पुन्हा बघितली. ती खूण नेहमी तिथेच असते, कोडच्या आधी कुणी रुपयाची खूण लावतं का? खाली अक्षरांतही रक्कम आली असणार. वर एका बाईचं नाव आलं होतं, तेवढं मी वाचलं आणि विचारलंही, "ये किसका नाम है?" "हमारी अकाउंट्स मॅडम हैं सर." मग पिन टाकला.

आता जे म्हणतात, "कोड कसा काय वाटला तुम्हाला?" त्यांना विचारतो: घरी गॅसचा सिलिंडर आला की कोड सांगायचा, पार्सल आलं की कोड सांगायचा, रिक्षा बोलावली की कोड सांगायचा. दिवसभर आपण अनोळखी माणसांना कोड सांगतच जगतोय. रिफंडलाही कोड असेल असं वाटण्यात काय वेडेपणा आहे?

१८,९९७ गेल्याचा मेसेज आला. मी ओरडलो. तो जराही गडबडला नाही. "सर, सर्व्हर एरर है, रिव्हर्सल का कोड लीजिए": नऊ, नऊ, आठ, नऊ. पहिल्या वेळी मी फसलो, दुसऱ्या वेळी घाबरलो. अडकलेले १८,९९७ सुटतील म्हणून ९,९८९ घातले. मग फोन बंद.

कागदावर लिहून देवघराजवळ चिकटवा: यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही. रिफंडला नाही, बक्षिसाला नाही, चुकीने गेलेले पैसे परत यायलाही नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन केला. तिथे पोचक्रमांक मिळाला, cybercrime.gov.in वर तक्रार पुरी केली. पैसे गेले की आधी हे, मग रडणं. दुसऱ्या रकमेचे ९,९८९ पुढच्या खात्यात गोठवले गेल्याचं नंतर कळलं. १८,९९७ तोवर निघून गेले होते.

आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली.

माझी बँक. नाव लिहीत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, होम ब्रँचला जा. होम ब्रँच म्हणाली, ॲपवर तक्रार टाका. ॲपवर टाकली तर उत्तर आलं, शाखेशी संपर्क साधा. शेवटी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "पिन कुणाला सांगितला होता का?" मी ठणकावून म्हटलं, नाही, मीच टाकला. "मग तो तुमचाच अधिकृत व्यवहार झाला." आणि सांगितला असता तर? "तर तुमचा निष्काळजीपणा." रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे मी छापून नेलं होतं. ते त्रयस्थाने केलेल्या अनधिकृत व्यवहाराला लागू होतं, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बोट बरोबर ठिकाणी होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मग माझ्या अर्जावर पोचेचा शिक्का मारायलाही कां-कू. शिक्का घेतल्याशिवाय बँकेतून उठू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, cms.rbi.org.in वर. मी केली आहे.

पोलीस स्टेशन. "ऑनलाइन केलीय ना तक्रार? मग इथं कशाला आलात?" सायबरकडे गेलो. "रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीत जा." हद्दीत परत. साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो. स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह आणा. आणलं. तीन झेरॉक्स हव्यात. काढल्या. आधार कार्डाची राहिली. ती काढून आलो तर ज्यांच्याकडे कागद द्यायचे ते जेवायला गेलेले. गुन्हा दाखल करा म्हटलं की "आरोपी परराज्यातला असणार, तपास कुठं करणार?" आरोपी कुठला आहे हे तपासाआधीच यांना ठाऊक! फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, आयटी कायद्याचं ६६ड आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदवून घ्यायची आहे. हे मी म्हटल्यावर खोलीतले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच आरोपी. एका अधिकाऱ्याने डबा उघडून तो तुटका जबडा हातात फिरवला आणि म्हणाला, "काका, दहाच्या पान्यानं होत नव्हतं का?"

त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. एक तर नट दहाच्या पान्यानेच सैल केला होता, अडकला होता क्लॅम्प. दुसरं, मी तिथे गाडी दुरुस्तीला आलो नव्हतो.

गोठवलेले ९,९८९ तरी द्या म्हटलं, तर कोर्टाचा आदेश आणा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करा, म्हणाले. वकिलाने फी सांगितली ५,०००. माझेच पैसे, सापडलेले पैसे, आणि ते घरी आणायला अर्धे त्यातलेच खर्चायचे. ज्या समाजमाध्यमावर ती जाहिरात दिसली त्यांनाही कळवलं. 'या जाहिरातीत आमच्या निकषांचं उल्लंघन आढळलं नाही.' ती जाहिरात अजून चालू आहे, घड्याळ अजून उलटं चालतंय, नग अजून सातच शिल्लक आहेत.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पुलरची वेगळी तक्रार नोंदवा. ५४९ साठी कोण करतं, असं म्हणून सोडून देतो म्हणूनच ही दुकानं चालतात. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि आपण राहतो तिथेच दाखल करता येते.

क्लॅम्पचं विचाराल तर शेजारच्या गल्लीतल्या गॅरेजच्या पोराने काढून दिला. पेलाभर कडकडीत पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, तो क्लॅम्पवर ओतला, फसफसून पावडर विरघळली. पाणी निथळल्यावर क्लॅम्पच्या चिरेत चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून हलकेच पिळलं, क्लॅम्प डावीउजवीकडे थोडा थोडा हलवत वर घेतला. निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर, बसवताना उलट. जोडल्यावर व्हॅसलीनचा हात. त्याने पैसे घेतले नाहीत, ते आणखीनच लागलं मनाला. पुढे पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन पुलर घेतला, ३२० ला. दुकानदाराने आधी गाडी कुठली ते विचारलं, पातळ जबड्याचा काढून दिला, आटे फिरवून दाखवले, बिल दिलं. हत्यार हातात घेऊन, वजन बघून, आटे फिरवून घ्यायचं असतं. नाशिकच्या सातपूरला टपारियाचे पाने-पकडी बनतात, गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतात, आणि आपण जर्मन नावाच्या मागे.

आणखी एक, हे मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण हे तक्रार केल्यानंतर घडतं आणि कुणी सांगत नाही. मागच्या आठवड्यात फोन आला, "सायबर सेल से बोल रहे हैं, आपके ९,९८९ होल्ड पर हैं, रिलीज करवाने हैं?" होल्डची रक्कम बरोबर, तक्रारीची तारीख बरोबर. फी १,०००, वर १८ टक्के जीएसटी, मिळून १,१८०. जीएसटीसकट हिशेब ऐकून क्षणभर मलाही ते सरकारी वाटलं. फोन कापला, नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' सोयीत नोंदवला आणि तो मूळ तक्रारीला जोडून घ्या म्हणून पोलीस स्टेशनला गेलो. हवालदारांनी नंबर बघितला, कागद माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाले, "यासाठी नवीन अर्ज करावा लागेल. झेरॉक्स तीन."