खेळाडू आणि गवई : कॉलेजप्रवेशाची दोन मापं

हार्वर्डसारख्या आयव्ही लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या, कॉलेजांत खेळाची शिष्यवृत्ती मिळत नाही. तरी प्रशिक्षक हव्या त्या खेळाडूंची नावं प्रवेश कार्यालयाला देतात आणि त्या नावांना मोठं वजन असतं. उत्तम व्हायोलिन वाजवणारी मुलगी मात्र अर्जासोबत ध्वनिमुद्रण पाठवते आणि वाट बघते. हा दुजाभाव मला पटत नाही.

खेळाचा एक मुद्दा भक्कम आहे, मोजमापाचा. शंभर मीटर पोहायला किती सेकंद लागले, यात मतमतांतर नाही. ख्यालगायनाचं तसं नाही. इथे ग्वाल्हेरात, लष्कर भागात राहणारी माझी भाची विलंबित एकतालात, म्हणजे अगदी संथ लयीत, गाते. राग नीट उलगडायलाच वीस मिनिटं जातात. चाचणीत पाच मिनिटं मिळाली तर परीक्षक ऐकणार काय? माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून ज्या गावात आहे, तिथल्या लोकांना हे चटकन कळेल.

पण मोजमाप स्वच्छ असलं म्हणून निवड न्याय्य होत नाही. स्क्वॉश, तलवारबाजी, नौकानयन यांचा खर्च किती घरांना झेपतो? शिवाय २०१९ साली अमेरिकेत उघड झालेल्या घोटाळ्यात श्रीमंतांच्या मुलांना खोटेच खेळाडू ठरवलं होतं आणि काही प्रशिक्षकांनी त्यासाठी लाच घेतली होती.

आपल्याकडे आयआयटी मद्रासने २०२४मध्ये खेळाडूंसाठी जागा ठेवल्या, २०२५मध्ये कलावंतांसाठीही. जेईई अॅडव्हान्स्ड या प्रवेशपरीक्षेच्या गुणवत्ता यादीत दोघांनाही यावंच लागतं. मला ही वाट जास्त सरळ वाटते. जिथे कलेची चाचणी होते तिथे मात्र वेळ वाढवून द्यावा, आणि परीक्षकांत त्या गायकीचा जाणकार असावाच.