पाटी नाही, बिल नाही, पण ओम्नीची खटखट गेली: पारोळ्याजवळचं एक गॅरेज

पाचपैकी चार स्टार देतोय. एक का कापला ते खाली येईलच, आधी दुखणं सांगतो, कारण ज्याच्या दारात जुनी मारुती व्हॅन उभी आहे त्याला यातलं निम्मं आपलंच वाटेल.

गाडी ओम्नी, २००८ ची, पाच सीटर, पेट्रोल, एमएच १९ पासिंग. वडिलांनी घेतलेली. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा घरात विकायचं चाललं होतं पण आरटीओत खेटे घालून रिन्यू करून आणली, कारण तेवढ्या पैशात एवढा माल वाहणारी दुसरी गाडी येत नाही आणि ओम्नी तर कंपनीने २०१९ लाच बंद करून टाकली. आमचा धंदा घरगुती, बिबडे, पापड, कुरडया. अमळनेरहून धुळ्याला आठवड्याला दोन फेऱ्या आणि एरंडोल-जळगावकडे एक. बिबडा काय असतो ते खान्देशात सांगायला नको, पण बाहेरचं कोणी वाचत असेल तर, ज्वारीचा असतो, उन्हात वाळला की काचेसारखा होतो, पाकीट जरा जोरात ठेवलं तरी आतून कट्ट आवाज येतो. म्हणून आमच्याकडे गाडीच्या पुढच्या चाकांचं काम कसं आहे ते मेकॅनिक नाही सांगत, आई सांगते. दुकानदाराने परत केलेली फुटकी पाकिटं ती परातीत रिकामी करते आणि चुऱ्याकडे बघून म्हणते, गाडी नीट चालव नाहीतर बैलगाडी लाव.

तर झालं असं की फेरीला एखाद-दोन पाकिटं फुटायची ती आठ-दहा व्हायला लागली. त्याचबरोबर पुढून डाव्या बाजूने खट-खट आवाज. मोठ्या खड्ड्यात नाही हां, गंमत तिथेच आहे, मोठ्या खड्ड्यात गाडी गपकन बसायची आणि काहीच वाजायचं नाही, पण गल्लीतल्या बारीक उंचसखल रस्त्यावर, पंधरा-वीसच्या स्पीडला, डब्यात सुपारी हलवल्यासारखं वाजायचं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची. आणि डावं पुढचं टायर फक्त आतल्या बाजूने खाल्लेलं, बाहेरून बघाल तर नवंकोरं.

पहिल्यांदा नेली ती एका शहरातल्या चकाचक गॅरेजात, नाव घेत नाही. एसी ऑफिस, काचेचं दार, चहा कागदी कपात. पोराने गाडी पुढून दोनदा दाबली आणि म्हणाला शॉकअप गेले. दोन्ही बदलले, ६,८०० रुपये. आठ दिवस आवाज दबला, मग जैसे थे. परत गेलो, म्हणे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा रोख सरळ, करून बघू. केली. मग परत केली. दोन्ही वेळी पैसे घेतले. तिसऱ्या वेळी दुसराच पोरगा आला, गाडीखाली न वाकताच म्हणाला काका, पुढचा अ‍ॅक्सल जॉइंट वाजतोय. आता मी काही मेकॅनिक नाही पण पंधरा वर्षं हीच गाडी चालवतोय, ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद जाते मागच्या चाकांना, पुढच्या चाकांना अ‍ॅक्सल जॉइंट असतोच कुठे? कंपनीने दिलेलाच नाही तो वाजणार कसा. मी चावी मागितली आणि निघालो. अंदाजपंचे दाहोदरसे हिशोब नुसता.

पारोळ्याच्या या गॅरेजचं मला एका पिकअपवाल्याने सांगितलं, हायवेच्या टपरीवर चहा पिताना. अमळनेरहून येताना गाव लागायच्या अलीकडे कडुनिंबाखाली पत्र्याचं शेड आहे, पाटी नाही, बाहेर दोन टायर लटकवलेली, तीच खूण. चालवणारे साठीचे गृहस्थ आहेत, सगळे आबा म्हणतात. हाताखाली एक पोऱ्या. हायवेच्या मालट्रकवर उमेदवारी करून शिकलेला माणूस आहे, ते हात बघूनच कळतं.

गेलो तर आधी पाणी विचारलं, मग म्हणाले, “काय व्हयनं भाऊ?” मी सुरू झालो, शॉकअप बदलले, अलाइनमेंट केली, अमुक झालं. त्यांनी हात वर केला. “ते ऱ्हाऊ दे. आवाज कथाईन येस?” म्हणजे कुठून येतो, आणि पान्याला हात न लावता शेजारच्या सीटवर येऊन बसले. “गाडी चालाव, मी आयकस.” मला गावात शिरायला लावलं, मुद्दाम गल्लीतून, काच खाली करून, एक हात डॅशबोर्डवर टेकवून. एका ठिकाणी म्हणाले आता नुसतं हळू ब्रेक दाबून धर आणि तसंच पुढे जा. ब्रेक दाबलेला असताना आवाज कमी झाला. परत सोडायला लावला, वाढला. बस, मान हलवली आणि म्हणाले चल मागे. तेव्हा मला वाटलं नुसता देखावा आहे पण आता कळतं की तेवढ्यात त्यांनी अर्धं काम उरकलं होतं.

मग डावी बाजू जॅकवर घेतली, बॉडीखाली लाकडी ठोकळे ठेवून, नुसत्या जॅकवर नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण चकाचक गॅरेजात नुसत्या जॅकवर माणूस खाली शिरला होता. चाक मोकळं लोंबलं. आबांनी चाक वरून आणि खालून धरलं, घड्याळातले बारा आणि सहा, आणि आत-बाहेर हलवलं. टक टक. स्पष्ट ढील. पोऱ्याला सांगितलं ब्रेक दाब. परत हलवलं, तरी टक टक. मला विचारतात काय समजलं? मी गप्प. मग समजावलं, ढील चाकाच्या बेअरिंगची असती तर ब्रेक दाबल्यावर ड्रम-डिस्कने चाक आणि बाकीचं धरून ठेवलं असतं, ढील गेली असती. गेली नाही, म्हणजे बेअरिंग ठीक, दुखणं त्याच्या खाली. मग नऊ आणि तीनवर धरून हलवलं, थोडं हललं, तो टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचं टोक.

त्यानंतर माझं बोट धरून, अक्षरशः पोराचं धरतात तसं, खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला चेसीशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी दांड्याच्या, टोकावर बॉल जॉइंट, म्हणजे गोळीसारखा फिरणारा सांधा, असतो तिथे ठेवलं आणि दुसऱ्या हाताने चाक हलवलं. “हाई देख.” बोटाखाली तो सांधा उडी मारत होता. रबरी बूट फाटलेला, आत ग्रीस नाही, नुसती लाल माती आणि गंज. आवाज नंतर येतो, आधी बोटाला कळतं. “हाई निंघनं ना, तं चाक आडवं पडी जाई,” असं इतकं साधेपणाने म्हणाले की मला घाम फुटला, कारण त्याच चाकावर मी आदल्या आठवड्यात आईला आणि दोन पोरांना बसवून धुळ्याहून रात्री आलो होतो.

मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेतली, आर्म जिथे चेसीला बसतो तिथल्या बुशमध्ये, म्हणजे रबरी बैठकीत, घालून जरा उचकलं. रबर लोखंडापासून सुटलेलं, आर्म बोटभर मागे-पुढे होत होता. ब्रेक मारला की गाडी डावीकडे का जाते त्याचं उत्तर हे, ब्रेकने चाक मागे ढकललं जातं, बुश ते धरून ठेवत नाही, चाकाचा रोख बदलतो. आबा म्हणाले दाराची बिजागरी ढिली झाली की दार लावताना एका बाजूला बसतं ना, तसंच. आणि टायर आतून का खाल्लं तेही यातच आलं. ढिल्या सांध्यांवर दोनदा केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या तराजूत वजन केल्यासारखं झालं.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. पोऱ्याला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः शॉकअपच्या स्प्रिंगवर हात ठेवून बसले. वरचं माउंट किंवा बेअरिंग अडकलेलं असलं तर स्प्रिंग पिळ खाते आणि मध्येच टणकन सुटते. इथे स्प्रिंग गुळगुळीत फिरली. “शॉकअप चांगला शे, याले हात नको लावू.” म्हणजे बघा, अजून दोन हजारांचं काम सहज काढता आलं असतं, काढलं नाही. मी म्हटलं आबा, त्यांनी तर सरळ नवीनच टाकले होते. म्हणाले, “नवीन टाकाले काय, कोणीबी टाकस.”

डाव्या बाजूला अख्खा लोअर आर्मच घेतला, बॉल जॉइंट त्याच्याबरोबर बसूनच आला. उजव्या बाजूचा सांधा त्यांनी तसाच तपासला, ठीक होता, तिथे फक्त बुश. टाय रॉड एंड मात्र दोन्ही. सामान मीच पारोळ्यातून आणलं, त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, दुकानदाराने कमिशनचा विषयही काढला नाही. बॉल जॉइंटच्या नटला नवी स्प्लिट पिन लावली, जुनी वाकवून परत घालत होता पोऱ्या, त्याला टपली बसली.

एक गोष्ट मी आधी कुठेच बघितली नव्हती. आर्मचे बुशचे बोल्ट गाडी वर असताना त्यांनी नुसते हाताने लावले, शेवटचा जोर दिला तो गाडी चाकांवर खाली उतरवून, पुढे दाबून-सोडून, गाडी आपल्या वजनावर बसल्यावर. कारण विचारलं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच जागी धरलं जातं, मग गाडी खाली बसली की कायम पिळलेलं राहतं, वर्षभरात फाटतं. तुमचा मेकॅनिक काय करतो ते एकदा बघा.

हिशोब: आर्म १,१५०, टाय रॉड एंड दोन मिळून ६४०, बुश १८०, ग्रीस आणि पिना ६०, मजुरी ९००. एकूण २,९३०. टाय रॉडला हात लावला की टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा रोख, बदलतोच, म्हणून अलाइनमेंट वेगळी, ३०० रुपये, ती त्यांच्याकडे होत नाही, आणि त्यांनीच बजावलं की आजच कर, उद्यावर ढकलू नको. पुढची डावं-उजवं दोन्ही टायरं मागे टाकली, ते खाल्लेलं आता मागेच संपेल.

आता कापलेला स्टार. सकाळी नऊला गेलो, सुटलो पावणेसहाला. मध्ये एक ऊसाचा ट्रॅक्टर आला तो आधी घेतला, कारण विचारलं तर म्हणे त्याचा माल खराब होईल, माझे बिबडे जणू अमर. लाइट गेली की ग्राइंडर बंद. छापील बिल मागाल तर हसतात, वहीचं पान फाडून देतात. फोन उचलत नाहीत, हात ग्रीसचे असतात म्हणे, मग ठेवता कशाला. बसायला एक खाट आहे तिच्यावर कुत्रं झोपतं आणि त्याला उठवलेलं आबांना चालत नाही.

महिना झाला. गल्लीतून जाताना आता मागच्या सीटचं कव्हर वाजतं ते ऐकू येतं, आधी ते दबून जायचं. ब्रेक दाबला की सरळ थांबते. गेल्या धुळ्याच्या फेरीत दोन पाकिटं फुटली, त्यातलं एक माझ्याच हातून पडलं, पण आईला तसं सांगितलेलं नाही.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर नंबर लागत नाही. अमळनेरकडून येणार असाल तर मंगळवार टाळा, मंगळग्रह मंदिराची गर्दी असते, गावाबाहेर पडायलाच वेळ जातो. आणि सीटखाली जे काही कोंबलंय ते घरीच काढून ठेवा, आमच्या सीटखालून निघालेली जुनी कुरडई पोऱ्याने तिथेच खाऊन टाकली.