अँपिअर उतरले, बिल तेवढंच: वीज वाचवणाऱ्या डबीची फसवणूक

सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की कूलर रात्रंदिवस चालतो आणि बिल फुगतं. नेमक्या त्याच दिवसांत दारावर एक डबी विकायला येते. प्लगमध्ये खोचायची, हिरवा दिवा लागतो, ‘काका, बिल तीस टक्के कमी, समोर दाखवतो’. किंमत दीड-दोन हजार. दाखवताना वापरलेला टाँगटेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र) खरा असतो आणि त्यावरचा आकडाही खरोखर उतरतो. शिकलेली माणसं फसतात ती यामुळेच.

प्रयोग साधारण असा असतो. अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर चालू करून मीटरजवळच्या वायरीला टाँगटेस्टर लावतात. 4 अँपिअर. डबी खोचली की 2.9. मग हिशोब मांडतात: 230 गुणिले 4 म्हणजे 920 वॅट, 230 गुणिले 2.9 म्हणजे 667 वॅट, अडीचशे वॅट वाचले.

खोट आहे ती या गुणाकारात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे इस्त्री आणि गिझरला लागू पडतं. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर 4.35 अँपिअर घेते, आणि डबी लावून त्यात काहीच वाचत नाही. विक्रेता इस्त्रीवर प्रयोग का करत नाही, ते इथे कळतं. मोटरला मात्र त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही (करंटचा किती हिस्सा खऱ्या कामाला लागतो ते सांगणारा आकडा) गुणावं लागतं. तो 0.7 धरला तर 230 × 4 × 0.7 म्हणजे 644 वॅट. नुसत्या गुणाकाराने येणारे 920 हे व्होल्ट-अँपिअर असतात, वॅट नसतात. मोटरच्या गुंडाळीला चुंबकत्वासाठी लागणारा जास्तीचा करंट मीटरमधून येतो आणि परत जातो. डबीतला कंडेन्सर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग) तो करंट जागेवरच पुरवतो, म्हणून मीटरजवळचे अँपिअर उतरतात. मोटरचे 644 वॅट जिथल्या तिथे राहतात, आणि घरगुती बिल येतं ते वॅट आणि तास यांच्या गुणाकारातून निघणाऱ्या युनिटवर.

आणखी एक लबाडी असते. वरचा आकडा उतरवायला सुमारे 27 मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) कंडेन्सर लागतो. विकायच्या डबीत बहुधा 4-5 मायक्रोफॅरडचाच असतो, त्याने 4 चे फार तर 3.75 होतील. म्हणून काही जण स्वतःचा बोर्ड घेऊन येतात. त्यावर जुन्या चोकची 40 वॅटची ट्यूब असते. तिचे 0.43 अँपिअर एवढ्याशा कंडेन्सरनेही 0.23 वर येतात. बघणाऱ्याला वाटतं, निम्मी वीज वाचली!

तपासणी पाच मिनिटांची आहे, वायरमनला बोलावून करा. टाँगटेस्टरमध्ये फेजची एकच वायर घ्यायची, दोन्ही घेतल्या तर शून्य दिसतं. आता घरातलं सगळं बंद करून फक्त डबी चालू ठेवा. 5 मायक्रोफॅरडची डबी एकटीच 0.36 अँपिअर दाखवेल. विक्रेत्याच्या हिशोबाने हे 83 वॅट झाले, म्हणजे वीज वाचवणारी डबीच वीज खाते! खरं तर तिचा खप नगण्य असतो, पण विक्रेत्याचा गुणाकार किती फसवा आहे ते दिसून येतं.

दुसरी तपासणी मीटरच्या लाल दिव्याची. मीटरवर एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, समजा 3200. मोटर 644 वॅट घेत असेल तर मिनिटाला साधारण 34 वेळा दिवा लुकलुकतो. डबी लावून मोजा, काढून मोजा. आकडा तोच येतो. विक्रेता टाँगटेस्टर पुढे करतो आणि या दिव्यासमोर उभं राहायला टाळाटाळ करतो, ही त्याची पक्की खूण.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या शेडमध्ये गोष्ट थोडी वेगळी आहे. कंडेन्सर ही वस्तू मुळात खोटी नाही. मोठ्या जोडणीच्या बिलात पॉवर फॅक्टर किंवा केव्हीएएच (वॅटऐवजी व्होल्ट-अँपिअरवर मोजलेलं युनिट) असा रकाना असेल, तर तिथे नीट बसवलेला कंडेन्सर खरोखर पैसे वाचवतो. पण मापं बघा. 1 एचपीचे बारा माग, कार्यक्षमता 75 टक्के धरली तर सुमारे 12 किलोवॅट घेतात. पॉवर फॅक्टर 0.75 वरून 0.95 वर न्यायला कंडेन्सरचे साधारण 6.6 केव्हीएआर (त्या येणाऱ्या-जाणाऱ्या जास्तीच्या विजेचं माप) लागतात. घरगुती डबी 0.08 केव्हीएआरची. तशा ऐंशी डब्या लावाव्या लागतील. थ्री-फेज पॅनेलवर योग्य मापाची कंडेन्सर बँक बसवणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे.

पैसे गेले ते गेले, धोका मात्र घरात राहतो. स्वस्त कंडेन्सर उन्हाळ्यात फुगतो, फुटतो. आत साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर नसेल तर प्लगमधून काढल्यावरही पिनांवर झटका बसण्याइतका चार्ज शिल्लक असतो. लहान मुलांच्या हाती डबी देऊ नका. घेतली असेल तर पावती, पैसे भरल्याचा पुरावा आणि डबीवरच्या दाव्याचा फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडेही जाता येतं.