फॅनचा कपॅसिटर गेला आणि बिल झालं ८,६५०

बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेला होता. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. त्यापायी आमचे ८,६५० रुपये गेले आणि चांगली भिंत फुटली. पावसाळ्यात कोल्हापुरात जुन्या भिंतींना ओल येतेच, माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्या धास्तीवर पोट भरणारा आम्हाला भेटला. त्याने नेमकं काय दाखवून आम्हाला पटवलं, ते सविस्तर लिहिते.

मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. तक्रारी दोन होत्या. फॅनचं बटण दाबलं की नुसता घूं-घूं आवाज यायचा, पातं हलायचं नाही. काठीने जरा ढोसलं की फिरायला लागायचं. (हे असलं कुणी करू नका, ओल्या फरशीवर उभं राहून तर नाहीच.) दुसरी तक्रार बल्बची. बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब रात्रभर मंद लुकलुकायचा.

जिन्यात चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबरला फोन केला. माणूस तासाभरात हजर. बोलायला गोड, पायातल्या चपला बाहेर काढून आत आला, पाणी मागून प्याला. बोर्ड उघडला, आत पाच-दहा मिनिटं खुडबूड केली आणि मला हाक मारली. "वहिनी, हिकडं या. ह्यो न्यूट्रल. ह्यात करंट असायला नको, बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. (वीज आणते ती फेजची वायर, परत नेते ती न्यूट्रलची.) फॅनचं बटण चालू करून त्याने टेस्टर लावला आणि टेस्टर लखलखीत पेटला. "भिंतीत वायर जळून एकात एक झाल्यात. म्हणून बंद बल्ब पेटतोय. आता ओलीतनं करंट उतरतोय. आंघोळीला उभं राहिलं की खेळ खलास."

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या दाराशी उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "मघाशी बल्ब लागत होता की रं. आता फॅनपण गप, बल्बपण गप." त्यावर तो म्हणाला, "काकी, तेच तर. शेवटचा दम होता तिचा."

घरात लहान पोरं. कोण थांबणार?

भिंत फोडली, नवा पाइप, नवी वायर, नवा फॅन. बिल साध्या कागदावर: फॅन २,१००, वायरचं बंडल ३,२००, फोडकाम आणि मजुरी ३,३५०. जुन्या वायरींची गुंडाळी आणि बंडलातली उरलेली वायर त्याने पिशवीत भरली. जुना फॅनही उचलला होता, पण आत्तींनी तो हातातून काढून घेतला. "ह्यांनी आणलेला हाय, माळ्यावर राहू दे." त्या हट्टामुळेच पुढचं सगळं उघडकीला आलं.

त्याच रात्री बल्ब पुन्हा लुकलुकला. नव्या वायरीवर!

मग आमचे मोटर रिवाइंडिंगवाले मामा आले, उद्यमनगरात उभी हयात गेलेले. त्यांनी आधी भिंतीकडे बघितलंच नाही, बटणाकडे बघितलं. अंधारात सापडावं म्हणून लाल ठिपक्याचा स्विच आम्ही मागच्या दिवाळीत बसवून घेतला होता. बटण बंद असताना तो ठिपका पेटतो, कारण बल्बमधूनच त्याला इवलासा करंट जातो. जुन्या पिवळ्या बल्बला तेवढ्याने काही होत नव्हतं, एलईडी मात्र लुकलुकतो. साधा स्विच बसवल्यावर बल्ब ठार बंद झाला.

मग टेस्टरचा खेळ. मामांनी बोर्डातला न्यूट्रलचा जोड स्वतः सोडला, फॅनचं बटण चालू केलं आणि फॅनकडून येणाऱ्या त्या सुट्या न्यूट्रलला टेस्टर लावला. पेटला! बटण बंद केलं, विझला. न्यूट्रल मुख्य लाइनपासून तोडला की फेज फॅनच्या वाइंडिंगमधून, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून, फिरून त्याच वायरीत येऊन उभा राहतो, त्याला पुढे जायला वाट नसते. म्हणून टेस्टर पेटतो आणि फॅन-बल्ब दोन्ही गप होतात. त्या गड्याने खुडबूड करताना हेच केलं होतं. आत्तींनी विचारलेलं अगदी बरोबर होतं.

मामा म्हणाले, भिंतीत फेज आणि न्यूट्रल खरंच एकमेकांना चिकटले असते तर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, बटण दाबल्या दाबल्या पडला असता. आणि ओलीतून करंट झिरपत असता तर आपल्या मीटरजवळची ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट बाहेर झिरपला की लाइन तोडणारा स्विच) लाइन पाडून मोकळी झाली असती. आमच्याकडे दोन्हींपैकी काहीच पडलं नव्हतं. ज्यांच्याकडे आरसीसीबी नाही त्यांनी ती बसवून घ्या, आणि असेल तर तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा.

माळ्यावरचा फॅन काढला, कपॅसिटर बदलला. काठी न लावता गरगर फिरला. आवाज येतो, पातं अडखळतं, हाताने ढकललं की चालतं, अशा वेळी पहिला संशय कपॅसिटरवर घ्यायचा, नाहीतर बेअरिंगला गंज लागलाय का ते बघायचं. एमसीबी पाडून मगच.

बिलातली वायर अडीच स्क्वेअर एमएम जाडीची होती. सहा इंची फॅन चाळीस वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे पाव अँपिअरही नाही. त्याला आणि बल्बला दीड स्क्वेअरची वायर पुरून उरते, अडीचची १६ अँपिअरच्या प्लगला लागते. शिवाय बंडल ९० मीटरचं. आमच्या बोर्डापासून फॅनपर्यंत अंतर किती? टेप लावला तर पाच मीटर. फेज, न्यूट्रल, अर्थिंग धरून वीस मीटरच्या आत काम होतं, पैसे मात्र अख्ख्या बंडलाचे. वर अर्थिंगची हिरवी वायर त्याने फॅनला जोडलीच नव्हती, बोर्डात नुसती दुमडून ठेवली होती. पैशापेक्षा मला याचाच जास्त राग आला.

ह्यांच्या तालमीतल्या पोरांनी त्याला हुडकून काढलं. बंडलाचे ३,२०० परत आले, फॅनचे आणि फोडकामाचे नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. आमच्या कागदावर ना त्याचं पूर्ण नाव, ना पत्ता, ना परवान्याचा नंबर, ना सही. तरी पैसे मोबाइलवरून दिले होते म्हणून व्यवहाराची नोंद आहे, बोर्डाचे आणि दुमडलेल्या वायरीचे फोटो मामांनी काढायला लावले होते. तेवढं जोडून तक्रार नोंदवली आहे.